बांधावरचा नर बिब्बा

पार्वताबाईचे हात कोणीही लांबून ओळखावेत. कोपरापर्यंत काळे डाग, बोटांवर भाजल्याच्या खुणा. बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं. तरी ही बाई हाताला राख चोळून दगडावर बिब्बे फोडते आणि आतली गोडंबी अख्खी काढते. हिवाळ्यात लाडवातून मिटक्या मारत खातो ना आपण, तीच. पातूरजवळ माझ्या बांधावर बिब्ब्याची पाच झाडं होती. बिब्बे वेचून फोडायचे तिनं, गोडंबी दोघांत निम्मी. तिचं एकटीचं घर त्यावरच चालायचं.

त्यातल्या एका झाडाला कधी फळच धरलं नाही. ट्रॅक्टर वळवताना ते नेमकं आडवं यायचं. एक दिवस वैतागून मी कुऱ्हाड काढली, तशी बाई धावत आली.

"भाऊ, त्याले नका तोडू! नर हाय तो. त्याच्याबिगर बाकीच्यायले बिब्बे कसे लागतीन?"

कृषी पदविका घेतलेला माणूस मी! मला ही शिकवणार? हसलो आणि घाव घातला.

पुढची दोन वर्षं बिब्बे रोडावले. लागले त्यातही निम्मे पोकळ. माझं डोकं भडकलं. "उरलेली चारही तोडतो," म्हणालो. चूक माझी आणि राग झाडांवर! बाई रडली नाही, कंबरेला पदर खोचून भांडली.

"एक हंगाम द्या. नाई लागले त मीच कुऱ्हाड आनून देईन."

श्रावणात फुलोरा आला तशी ती चार किलोमीटर चालत महादेवरावांच्या शेतात गेली. तिथल्या नराच्या फुललेल्या फांद्या तिनं डोक्यावरून आणल्या, पाण्याच्या बाटल्यांत खोचल्या आणि झाडांवर बांधल्या. पुढचं काम माश्या करतीन, म्हणाली. फांद्या नाल्याकडच्या दोनच झाडांना पुरल्या, रस्त्याकडची दोन तशीच राहिली. साठीची बाई झाडावर चढलेली आणि मी खाली नुसता उभा. लाज वाटली हो. गुपचूप शिडी धरली.

पौषात नाल्याकडची झाडं लगडली. रस्त्याकडे मात्र चारदोन बिब्बे. बाईनं माझ्यासमोर दोन्हीकडचे फोडले. नाल्याकडची गोडंबी टपोरी, भरलेली; रस्त्याकडच्यांत बहुतेक टरफलंच. टपोरी गोडंबी तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

"बाई, मी गाढवच आहो," मी म्हणालो.

"हाव ना!" म्हणाली आणि खो-खो हसत सुटली. ते हसणं ऐकून मला इतकं बरं वाटलं!

मी तोडलेल्या नराच्या बुंध्याला यंदा धुमारे फुटलेत. मी काट्याचं कुंपण केलंय, ट्रॅक्टर लांबून वळवतो. परवा पार्वताबाईनं टोकलंच.

"भाऊ, याले बिब्बे नाई लागनार, बरं का."

"नको लागू दे," मी म्हणालो आणि कुंपणाची फट बुजवली.