चिमणची हवेशीर पट्टी

डहाणूकडच्या झाई गावातल्या चिकूच्या वाड्यांमध्ये चिमणची ओळख एकच होती: पेटीवाला. फळांच्या लाकडी पेट्या ठोकणं हा त्याचा आयुष्यभराचा धंदा. मूठभर खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि दोन ठोक्यांत आत घालायचा. तोंडात खिळे असल्यामुळे तो बोलायचा कमी, आणि बोलायचा कमी म्हणून लोक त्याला शहाणा समजायचे. मग वाडीत प्लॅस्टिकचे क्रेट आले. चिमणचं तोंड मोकळं झालं आणि लोकांचा गैरसमजही दूर झाला.

रिकामा बसल्यावर त्याला एक गोष्ट सुचली, जी आधी सुचायला फुरसतच नव्हती. एवढ्या पेट्या ठोकल्या, सगळ्या ट्रकात बसून दिल्लीला गेल्या. एकही परत आली नाही. आपल्या हातचं म्हणून दाखवावं असं घरात काही नाही. हे त्याने बायकोला, हिरीला, बोलून दाखवलं. हिरी म्हणाली, "पोरं आहेत की." चिमण म्हणाला, "तीपण वापीला गेली कामाला."

घर मात्र नवं होतं. गवंड्याने भिंतीतच फडताळ काढून दिलं होतं, आत काळ्या कडप्प्याच्या फळ्या. पण कडा तशाच राहिलेल्या, खरबरीत सिमेंटच्या. ताट काढताना हिरीच्या मनगटाला रोज ओरखडा. तिचा धाकटा भाऊ उमेश मसोलीला राहतो आणि डहाणूच्या फ्लॅटांमध्ये कपाटं बसवतो. त्याने मोबाइलवर फोटो पाठवले: फडताळाला चारी बाजूंनी लाकडी पट्टी, वर गुळगुळीत रंग. "बाय, महालक्ष्मीच्या जत्रेला येतो तेव्हा लावून देतो," तो फोनवर म्हणाला.

"पाहुण्याने कशाला?" चिमण मधेच ओरडला. "माझे हात काय वाडीत राहिले?"

"हात आलेत, पण सवय पेटीची आहे," हिरी म्हणाली. "हे फडताळ दिल्लीला नाही पाठवायचं."

"लावा, भावजी, लावा," फोनमधून उमेश हसला. "नाहीच जमलं तर मी काढून नवीन लावीन."

ते 'काढून' चिमणच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

त्याने वखारीतून पट्ट्या आणल्या, भिंतीला भोकं पाडून त्यांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या आणि कित्येक महिन्यांनी तोंडात खिळे धरले. घरात शांतता पसरली. हिरीला ती इतकी आवडली की तिने न मागता चहा केला. चहा घेऊन आली आणि कप हातातच राहिला.

"हे काय?"

"ऊं?" खिळ्यांमुळे चिमणला एवढंच म्हणता आलं.

"ही फट. इथे. आणि इथे. अरे, सगळीकडेच!"

चिमणने मागे सरून पाहिलं. जिथे जिथे दोन पट्ट्या भेटायला हव्या होत्या, तिथे तिथे त्या बोटभर लांब थांबल्या होत्या, रुसलेल्या जावांसारख्या. पेटी ठोकताना दोन फळ्यांमध्ये बोट ठेवायचं आणि मगच खिळा मारायचा, म्हणजे फळाला हवा लागते, ते घामट होऊन सडत नाही. हे त्याने डोक्याने केलंच नव्हतं. बोट आपोआप मधे गेलं होतं. पण हे बायकोपुढे कबूल करायचं? त्याने खिळे तळहातावर काढले.

"मुद्दाम ठेवलीय. हवा खेळायला पाहिजे."

"कोणाला? ताटांना?"

"ताटांनापण..."

"नाहीतर पिकतील!" हिरी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत बाहेर गेली.

चिमणने एक पट्टी उपटायला घेतली. पण त्याचा खिळा म्हणजे दिल्लीपर्यंतचे खड्डे सोसणारा. पट्टीबरोबर हातभर गिलावाही निघू लागला. त्याने घाईघाईने ती परत ठोकली. मग फटींमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. एवढी रुंद फट लांबीला झेपेना, ती वाळली आणि गळून पडली. शेवटचा उपाय रंगाचा. हिरीने पसंत केलेला पोपटी ऑइल पेंट त्याने असा थापला की फटी बुजाव्यात. फटी बुजल्या नाहीत, फक्त पोपटी झाल्या. रंग उरला म्हणून त्याने कडप्पेही रंगवले. झाईची खारी हवा, रंग वाळता वाळेना. आणि उमेश दुसऱ्या दिवशी यायचा होता.

संध्याकाळी चिमण फडताळासमोर बसून राहिला. हिरी भाकरी थापत होती.

"उद्या काढील तो," चिमण म्हणाला.

"काढू दे. छान होईल."

"होईल की. पेट्या गेल्या, ही पट्टीपण जाईल."

हिरीने भाकरी तव्यावर टाकली आणि वळून एकदा फडताळाकडे पाहिलं.

सकाळी चिमण उमेशला आणायला बस थांब्यावर गेला. उमेश पांढरी कोरी पँट घालून, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन उतरला. दोघं घरात शिरले आणि चिमण दारातच थबकला. तो निघाला तेव्हा रिकामं असलेलं फडताळ आता गच्च भरलेलं. ताटं, पेले, डबे, लग्नातला फोटो, जत्रेतून आणलेली मातीची चिमणीसुद्धा.

उमेशने एका फटीत बोट घातलं. "भावजी, ही काय उंदरांची ये-जा का? बाय, रिकामं कर. आत्ता उखडतो."

"नाही करायचं," हिरी म्हणाली. "जत्रेच्या दिवशी भरलेलं फडताळ रिकामं करत नाहीत."

"असं कुठे असतं?"

"आमच्याकडे असतं."

"आमच्याकडे म्हणजे? आपण एकाच घरात वाढलो!"

"हे माझं घर. इथे असतं. बस, पाणी घे."

तिने पेला उचलायला घेतला. पेला हलेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा चट्‌कन सुटला. उमेश गटागट पाणी प्यायला आणि सवयीने पेला गुडघ्यावर ठेवला. उचलला तेव्हा कोऱ्या पँटीवर गोल पोपटी चंद्र उगवला होता.

आधी हिरी हसली, मग चिमण, आणि मग रॉकेल शोधता शोधता उमेशही. रॉकेल काही सापडलं नाही. तिघं तसेच विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेले, आणि उमेशची हत्यारांची पिशवी दाराशी बंदच राहिली.

अजूनही ताटं काढताना हिरीला जरा जोर लावावा लागतो. पट्टी हलत नाही. जेवायला वाढताना ती रोज ताट चिकूसारखं उलटसुलट करून दाबून बघते आणि चिमणला सांगते, "कच्चंच आहे रे अजून."