खालचं मोकळं सोडा

कुठलाही कोरा कागद हातात आला की गुरुजी आधी त्यावर एक आडवी रेघ मारायचे. वरचे दोन भाग लिहायला, खालचा एक भाग कोरा. अर्ज असो, सभेची सूचना असो, लग्नपत्रिकेचा मसुदा असो. पट्टी लागायची नाही, रेघ सरळच यायची. मग कागद समोरच्याकडे सरकवून म्हणायचे, "खालचं मोकळं सोडा."

एका सवयीत ज्याचा सगळा स्वभाव मावतो, असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे गुरुजी तसे.

ते बावड्याचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. शाळा सुटली तरी खडू सुटला नव्हता. चष्म्याच्या डबीत खडू आणि चष्मा शर्टाच्या खिशात, अशी त्यांची व्यवस्था. गावच्या चौकात चावडीच्या भिंतीवर काळा रंग दिलेला मोठा फळा होता. त्यावर रोज सकाळी गुरुजी लिहायचे: भाजीपाल्याचे भाव, कॅनॉलच्या पाण्याची पाळी, कुणाच्या मयताची बातमी. वीस वर्षं. आणि खालचा तिसरा हिस्सा मोकळा. तिथं खिळ्याला सुतळी, सुतळीला खडू. ज्याला जे लिहायचं ते त्यानं लिहावं.

लोक लिहायचे. "शेळी सापडली आहे. दोरी घेऊन यावे." "जावई आलेत, उद्या गिरणी बंद." एकदा कुणीतरी लिहिलं होतं, "पोरगी पास झाली. पेढे नाहीत."

"आमचं आबा ह्याच चावडीच्या पायरीखाली उभं ऱ्हायचं," गुरुजींनी एकदा मला सांगितलं. "शिवाशिव नको म्हणून निरोप वरनं टाकायचे लोक. आज मी त्या भितीवर लिवतो. मग आख्खी भित माझ्या एकट्याची कशी?"

मी त्या वेळी बारामतीत शेतीमालाची माहिती देणाऱ्या एका छोट्या केंद्राचं कार्यालय सांभाळत होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पुण्याच्या एका कंपनीनं आमची वेबसाइट करून दिली होती. भाव, हवामान, पाणी अशी तीन पानं. मजकूर भरायला त्यांनीच एक प्रोग्राम दिला होता. चौकटीत टाइप केलं, बटण दाबलं, की पान बदलायचं. माझं काम म्हणजे हे रोज वेळेत करणं. मी कामांच्या याद्या करते, झालेल्या कामावर बरोबरची खूण करते आणि घरी जाते. आजही तसंच.

गुरुजी दर बाजाराच्या दिवशी एसटीनं भाव उतरवून न्यायला यायचे. पहिल्यांदा साइट दाखवली तेव्हा ते खुर्ची पुढं ओढून पडद्याच्या तळापर्यंत बघत गेले.

"ह्यात लोकांनी लिवायचं कुठं, मॅडम?"

"लोकांनी वाचायचं, गुरुजी."

"मग ही दुकानाची पाटी झाली. फळा न्हाय."

मला ते लागलं. मी पुण्याला फोन केला. तिथला इंजिनियर म्हणाला, तुमच्याच प्रोग्रामला जोडायचं एक एक्स्टेन्शन आहे. ते बसवलं की लोक सभासद होतात, आपापल्या नावानं लिहितात, एकमेकांना उत्तरं देतात. गुरुजींना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे घराला पडवी. येणाराजाणारा टेकंल."

पडवी बांधायला तीन बाजार गेले. माझी अकरा कामांची यादी होती. जुनी पानं फ्लॉपीवर उतरवून ठेवणं, पुण्याहून आलेल्या फायली सर्व्हरवर चढवणं, वगैरे. कार्यालयात फोनची लाइन एकच. मोडेम किरकिर करत जोडलं जायचं आणि निम्मी फाइल चढली की कुणीतरी शेजारच्या खोलीतला फोन उचलायचं. पुन्हा पहिल्यापासून. गुरुजी शेजारी बसून असायचे, मांडीवर पिशवी, पिशवीत गावाची वांगी. तिसऱ्या खेपेला सगळं चढलं, तरी पडद्यावरचा काहीतरी चुकल्याचा निरोप जाईना. इंजिनियर फोनवर म्हणाला, एका फायलीला चालण्याची परवानगी दिलेली नाही.

"परवानगी!" गुरुजी हसले. "हितंबी?"

परवानगी दिली. पान उघडलं. भाव, हवामान, पाणी, आणि त्याखाली एक कोरी चौकट. गुरुजींनी पडद्याला हात लावून बघितला. काच कोमट होती. "झालं की वो," ते म्हणाले.

आता खरं सांगायचं तर ते तिथंच बिघडायला सुरुवात झाली होती, आणि माझ्या हातानं. एक्स्टेन्शनमध्ये सोय होती की आलेला मजकूर आधी मी वाचायचा, मी होकार दिला तरच तो दिसायचा. माझ्या यादीत दहावं काम तेच होतं. गुरुजींनी त्यावर बोट ठेवलं.

"निवडणार कोण?"

"मी."

"तुमी चांगल्या हाय. उद्या तुमच्या जागी दुसरं कोण आलं मंजे? आमच्या खडूला कुणी राखण ठिवली न्हाय आजवर."

मी दहावं काम खोडलं. बरोबरची खूण न करता काम खोडायची माझी ती पहिलीच वेळ.

मग सभासद. गुरुजी वहीत बेचाळीस नावं घेऊन आले, पत्त्यांसकट, मोत्यासारख्या अक्षरात. प्रत्येकाला एक पासवर्ड द्यायचा होता. मी बेचाळीस वेगवेगळे पासवर्ड केले, टाइप करून, घडी घालून, चिठ्ठ्या स्टेपल करून दिल्या. लिहायला दोन ठिकाणं होती: आमचं कार्यालय, आणि इंदापुरातला एक कॉम्प्युटर क्लास. क्लासचे मालक भले. दुपारी मशीन रिकामं असलं की सभासदांना फुकट बसू द्यायचे.

दोन आठवड्यांनी मी कामानिमित्त बावड्याला गेले. चौकात फळ्यापुढं थांबले आणि मला घाम फुटला. बेचाळीस नावं, आणि प्रत्येक नावापुढं त्याचा पासवर्ड. रेघा आखून, क्रमवार.

"गुरुजी! अहो, हे गुपित असतं."

"चिठ्ठ्या धुतल्या त्यांनी. खिशात ठिवून सदरे धुतले." त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. "आन् ध्यानात ऱ्हावं म्हणून दिलंय ते लपवायचं कशाला? ह्यो काय सोन्याचा डबा हाय?"

गावात गुपित फळ्यावर लिहितात, कारण फळा सगळ्यांचा असतो आणि सगळ्यांचं असेल ते कुणी चोरत नाही. हा त्यांचा हिशेब होता. मी परतल्यावर यादीत लिहिलं, "पासवर्ड बदलणे." ते काम मी पुढच्या यादीत नेलं, मग त्याच्या पुढच्या.

बहुतेक लोक काही मशीनपर्यंत गेले नाहीत. ते फळ्याच्या खालच्या भागावर लिहायचे, गुरुजी ते वहीत उतरवायचे, बाजाराच्या दिवशी आमच्याकडे बसून एका बोटानं ज्याच्या त्याच्या नावानं टाइप करायचे. आलेली उत्तरं मी छापून द्यायची, आणि गुरुजी ती परत फळ्यावर लिहायचे. बारामती ते बावडा, इंटरनेटची एवढी तार एसटीनं जायची.

एकदाच काय ती खरी गंमत झाली. भोपळी मिरचीची पानं गुंडाळतात असं बावड्याच्या एकानं विचारलं होतं. कळंबच्या एका अनोळखी शेतकऱ्यानं क्लासमध्ये बसून, तिथल्या एका सभासदाच्या नावानं उत्तर दिलं, आणि खाली लिहिलं, "रविवारी येतो, पाला दाखवा." तो खरंच आला. गुरुजींनी ते दोघं मिरचीत वाकलेले पाहिले आणि पुढच्या बाजारी मला सांगताना त्यांना धड वाक्य जुळवता येईना. "दोघं वो... वळख न पाळख... पालाच बघत हुते."

त्यानंतर महिन्याभरात ते घडलं.

बावड्याच्या खालच्या अंगाची शेतं कॅनॉलच्या टेलला, म्हणजे पार शेवटाला. तिथं पाणी सगळ्यांचं भिजून झाल्यावर पोचतं, तेही दिवसभरच. पाणी सोडणारा पाटकरी आमचा सातव्या नंबरचा सभासद. तो इंदापूरला जायचा तेव्हा क्लासमधून पाळीची बातमी टाकायचा. दोनदा टाकली होती, दोन्हीदा बरोबर निघाली होती. त्या बाजारी त्याच्या नावानं मजकूर होता: "टेलची पाळी चार दिवस पुढे गेली आहे." मी छापून दिला. गुरुजींनी संध्याकाळच्या आत फळ्यावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. टेलची माणसं फळा वाचून आदल्याच रात्री शेजारच्या गावात लग्नाला गेली होती. बांध फोडायला रानात कुणी नाही. दिवसभर पाणी चारीतून सरळ वाहत ओढ्याला गेलं. पुढची पाळी तीन आठवड्यांनी, आणि रानात काकडी, दोडका, कोथिंबीर. उन्हाळ्यात तीन आठवडे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पाटकरी म्हणाला, मी त्या दिवशी इंदापूरला गेलोच नव्हतो. त्याच्या नावानं कुणी लिहिलं ते आजही ठाऊक नाही. सातव्या ओळीतला पासवर्ड चौकातल्या कुणालाही वाचता येत होता.

चावडीत बैठक झाली. मी मुद्दाम गेले. मजकुराची छापील प्रत नेली, वेळ दाखवली, पासवर्ड म्हणजे काय ते सांगितलं. टेलचे एक वयस्कर तात्या शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "बाई, कागदाचं ऱ्हाऊ द्या. फळ्यावर अक्षर कुणाचं हुतं?"

"माझं," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, आवं वीस वरीस आमी आभाळ बघितलं न्हाय, तुमचं अक्षर बघितलं."

"व्हय तात्या."

"पण लिहिलं दुसऱ्यानंच ना," मी म्हणाले. "ह्यांनी फक्त उतरवलं."

"मॅडम, बसा," गुरुजी म्हणाले. "अक्षर माझं हाय."

तेव्हा मागून कुणीतरी, तोंड न दाखवता, बोललं. "आधी आमचीच माणसं लिवायची हितं. तवा असलं कधी झालं न्हाय."

कुणी हसलं नाही. कुणी त्याला गप्पही केलं नाही. तात्यांनी मान खाली घातली. गुरुजींनी चष्मा काढला, डबीत ठेवायला गेले, डबीत खडू होता. त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला.

ठरलं ते असं. फळा राहील. पंचायतीचा शिपाई भाव आणि पाळी लिहील. दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, आणि तशी सूचना ऑइलपेंटनं कायमची घालायची. अक्षर चांगलं म्हणून ती गुरुजींनीच घालावी.

"घालतो की," गुरुजी म्हणाले.

पुढच्या बाजारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी निरोप पाठवला, पत्र लिहिलं. पत्राच्या खाली तिसरा हिस्सा कोरा सोडला, त्यांना बरं वाटेल म्हणून. उत्तर आलं नाही. आमच्या अध्यक्षांनी सांगितल्यावर मी एक्स्टेन्शन काढून टाकलं. बसवायला तीन आठवडे लागले होते, काढायला दहा मिनिटं. बेचाळीस सभासद, त्यांचे सगळे प्रश्न, कळंबच्या माणसाचं मिरचीवरचं उत्तर, सगळं गेलं. फक्त पानाच्या तळाशी ती रिकामी चौकट राहिली. एक ओळ पुसली की जाईल, असं इंजिनियर म्हणाला. मी ते यादीत लिहिलं. पुढं साइटच बंद पडली, तोवर ती चौकट तशीच होती.

पुढच्या हिवाळ्यात मला बावड्यावरून जायचं होतं. एसटी चौकात थांबली तशी मी उतरले.

फळ्याच्या अगदी वरच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं, "येथे कोणीही लिहू नये." तेच अक्षर, तीच गोलाई. त्याखाली शिपायाच्या तिरक्या हातानं भाव. भावांखाली गुरुजींच्या मयताची बातमी. तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम काल होऊन गेला होता. नावात एक चूक होती. आणि त्याखाली, दोन हिस्से संपले तिथं, ऑइलपेंटचीच एक आडवी रेघ. ती कुणी सांगितली नसणार. पंचायतीनं फक्त सूचना सांगितली होती.

रेघेखालचं सगळं कोरं होतं. वीस वर्षांत कधी नव्हतं इतकं स्वच्छ काळं. खिळ्याला सुतळी होती, सुतळीला खडू नव्हता.

गाडीचा कंडक्टर हाका मारत होता. मी पर्स उघडली. यादीची वही होती, पेन होतं. पेन काढून दोनदा रेघेखाली टेकवलं. पेन फळ्यावर उमटत नाही.