खरं धरून बघणारी

"आवाज कमी नका करू, गुरुजी. जाहिरात लागली हाय."

बातम्यांच्या मधे जाहिरात आली की तुमचाआमचा हात आपोआप रिमोटकडे जातो. मावशींचं उलट होतं. बातम्या चालू असेपर्यंत त्या ऑफिसच्या उंबऱ्यात हात पुसत बसायच्या आणि जाहिरात लागली की पदर सावरून पुढे सरकायच्या. वडवणीजवळच्या आमच्या छोट्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवायच्या. मी तिथला मुख्याध्यापक. पोरं जेवली, पातेली घासून झाली की पंधरावीस मिनिटं ऑफिसातला टीव्ही त्यांचा.

मालिकांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. त्यातल्या बाया दागिने घालून झोपतात आणि सहा महिने झाले तरी एकीच्याही चुलीवर काही शिजत नाही. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांनी डोळ्याला रुमाल लावला की म्हणायच्या, पोरगी अजून धड गायलीबी न्हाई, यांचं रडायचं आधीच ठरलेलं दिसतंय. एकदा लग्नातल्या डीजेचा विषय निघाला. "डीजेनं छाती हालती," त्या म्हणाल्या, "हलगीनं पाय हालतेत."

जाहिराती मात्र त्या मन लावून बघत. मालिका पाल्हाळ लावते, जाहिरात मुद्द्याचं बोलून निघून जाते, असं त्यांचं म्हणणं. चुका काढत त्या वेगळ्याच. मिरचीची फोडणी पडली आणि घरात कुणी शिंकलं नाही, म्हणजे गॅस पेटलेलाच नाही. पण एवढ्या चुका काढून दुकानात मात्र जाहिरातीतल्याच साबणाची वडी मागायच्या. हे कसं, असं मी एकदा विचारलं. सदऱ्यावरचा चिखल खोटा असंल, पण बाई एवढ्या लोकांसमोर साबणाबद्दल कशाला खोटं बोलंल, असं त्यांनी मलाच समजावलं.

आणि मग एक दिवस जाहिरातच आमच्या गावात आली.

पुण्याची माणसं होती. मसाल्याची जाहिरात करायची होती आणि त्यांना गावातली खरी स्वयंपाकीण हवी होती. मावशींचा चेहरा त्यांना पाहताक्षणी पसंत पडला. निम्मी हयात ऊसतोडीत गेलेली, उन्हानं रापलेली बाई. पण हसली की समोरचाही हसायचा. त्यांनी हिरवं लुगडं आणलं, नथ आणली. मावशींना मानधन मिळणार होतं, शिवाय शाळेला पाण्याची टाकी आणि गाळणयंत्र. आमच्या बोअरचं पाणी खारट. पोरं घरून बाटल्या आणत, ज्यांची बाटली फुटलेली असे ती तेच खारट पाणी पीत. टाकीचं ऐकून माझा जीव हरखला.

मावशी तर हवेतच होत्या. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी लवकर येऊन त्यांनी चुलीभोवती सारवलं होतं. बोलायचं वाक्य एकच होतं: आमच्या शाळेतली लेकरं याच मसाल्याची खिचडी मागून मागून खातात. त्यांनी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं आणि थांबल्या.

"आधी शिजवून बघते," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शक तरुण होता, सभ्य होता. त्याची गरज नाही, जाहिरातीत चव कुठं कळते, असं त्यानं हसून सांगितलं. तोवर मावशींनी पुडा फोडलाही होता. त्यांनी छोट्या पातेल्यात खिचडी टाकली, शिजल्यावर एक घास स्वतः खाल्ला, एक माझ्या तळहातावर ठेवला. खिचडी लालभडक झाली होती आणि तिला कसलीच चव नव्हती. घशात नुसती भुकटी राहिल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी नाकातली नथ काढून हिरव्या लुगड्याच्या घडीवर ठेवली. हे वाक्य आपल्याच्यानं व्हायचं नाही, दुसरं काही सांगा, एवढंच म्हणाल्या. दिग्दर्शकानं समजावलं. सरपंचांनी समजावलं. मग मी त्यांना वर्गामागे घेऊन गेलो. आज लिहितानाही ते आठवून कानशिलं तापतात. मी म्हणालो, "मावशी, एकच तर वाक्य आहे. पोरांना पाणी मिळेल. जाहिरात कोण खरी धरतं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, मला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेनं.

"मी धरते की, गुरुजी. माझ्यासारख्या लई जणी हायेत. आमी खरं धरून बघतो." मग पदर खोचत म्हणाल्या, "टाकी मी आणते. पण अशी न्हाई."

जाहिरातवाले सामान आवरून निघून गेले. गावानं चार दिवस मावशींना नावं ठेवली. मीही त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

पुढच्या सोमवारी खिचडी लवकर उतरवून, वाढायचं काम मदतनीस बाईवर सोपवून त्या वडवणीला पंचायत समितीत गेल्या. साहेब नव्हते. त्या पुढच्या सोमवारी गेल्या. अर्ज हवा म्हणाले; मी लिहून दिला. मग ठराव हवा, मग फोटो हवेत. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे होळी उलटली तरी संपेना. त्या दर सोमवारी जाऊन बाकावर बसत आणि शेवटच्या गाडीनं परत येत. तिथला शिपाई त्यांना बघून चहा सांगू लागला होता.

शेवटी एका सोमवारी मी बरोबर गेलो. मावशींनी पिशवीतून बोअरच्या पाण्याची बाटली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, एक घोट प्या. मग न्हाई म्हणा."

साहेबांनी बाटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर पाहिला. पाणी काही प्याले नाहीत. पण सहीसाठी फाईल मागवली. उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत टाकी बसली, गाळणयंत्रासकट.

शाळा पुन्हा भरली आणि त्याच सुमाराला ती मसाल्याची जाहिरात टीव्हीवर लागली. दुसऱ्या गावातली दुसरी बाई, तेच हिरवं लुगडं, तेच वाक्य. मी अवघडून रिमोट शोधू लागलो. मावशींनी मात्र ती शेवटपर्यंत पाहिली.

"बाई झ्याक बोलली," त्या म्हणाल्या. "पण कांदा करपला होता तिचा."

दोन वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. मोठं पातेलं उतरवणं जमेना, तेव्हा नेकनूरला दिलेली लेक त्यांना न्यायला आली. मी बसथांब्यापर्यंत गेलो. त्या दिवशीचं वर्गामागचं माझं बोलणं विसरा, असं सांगायचं मनात होतं. पण मी त्यांच्या पिशवीची गाठच घट्ट करत राहिलो. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला आणि गाळणयंत्राची जाळी महिन्याला धुवायला बजावलं.

बीडमार्गे जाणारी गाडी आली. लेकीनं त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी हलली तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. गाडीत चिकटवलेल्या एका जाहिरातीकडे बोट दाखवत, हातवारे करून शेजारच्या अनोळखी बाईला काहीतरी पटवून देत होत्या, आणि ती बाई मान हलवत होती.