सुलतानचा विमा

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फेरीत पसंत केलेली नाही, आणि त्यात मामीही आल्या. त्यांना बघायला मामा तीनदा गेले होते. दोनदा मुलगी बघायला आणि तिसऱ्यांदा त्यांच्या घरच्या आडाला उन्हाळ्यात पाणी राहतं का ते बघायला. घाटनांदूरला मामांचं किराणा आणि सरकी पेंडीचं दुकान. तिथे गिऱ्हाइकाने घासाघीस केलेली त्यांना खपत नसे, कारण तो हक्क त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. छत्री घ्यायची झाली की ते अंबाजोगाईला जाऊन दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून बघत आणि रिकाम्या हाताने परत येत. तोवर पावसाळा संपे, मग छत्रीची गरज उरत नसे. चप्पल घेताना ती आधी दुकानदाराला घालून चालायला लावत. एकदा दुकानदार कंटाळून म्हणाला, "शेठ, माझ्या पायात कुरकुरली म्हणून तुमच्याही पायात कुरकुरेल असं नाही." मामा म्हणाले, "तुमच्या पायात कुरकुरती, मंग माज्या पायात काय गानं म्हनंल व्हय?" आणि जुन्याच चपलेने घरी आले.

या नियमाला अपवाद एकच, सुलतान. हा पांढरा घोडा मामांनी बघताक्षणी घेतला होता. "आयुष्यात एकदा न बघता काय घेतलं, तर हे," असं मामी म्हणत, आणि घोडा ही घ्यायची गोष्ट नव्हे, असं मामा उत्तर देत. पंचक्रोशीतले नवरदेव सुलतानवरूनच मिरवले. त्याचं वय मामा वधूपित्यांना आठ सांगत. त्या वधूंची पोरं शाळेत जायला लागली तरी ते आठच होतं.

दुकानाला लागून सुलतानचं ठाण होतं, म्हणजे त्याची बांधायची जागा. रोज सकाळी गळ्यातलं लिंग पूजून झालं की मामा तिथे जात, त्याच्या डाव्या कानाला तोंड लावत आणि बाजाराचा हालहवाल सांगत. गूळ घ्यावा का, पेंड ठेवावी का काढावी, कोणत्या व्याह्याच्या पत्राला उत्तर द्यावं, सगळं. कान पुढे झाला की सौदा पक्का, मागे गेला की रद्द. ठाणात माश्या भरपूर होत्या, हे सांगायला नको. घाटनांदूरच्या बाजारातले काही मोठे व्यवहार माश्यांनी ठरवलेले आहेत. भाचीसाठी माझं स्थळ आलं तेव्हाही सुलतानचा सल्ला घेतला होता म्हणे, आणि कान पुढे झाला होता. त्या माशीचा मी आजन्म ऋणी आहे.

पुढे देशाने आपली दारं उघडली. त्या दारांतून घाटनांदूरला छत्रीसारखी अँटिना आली, शाम्पूच्या पुड्या आल्या, थंड पेयांच्या बाटल्या आल्या आणि नवरदेव फुलांनी मढवलेल्या जीपमध्ये बसायला लागले. जीपला कडबा लागत नाही आणि ती बँडसमोर लीद टाकत नाही, हे तिचे गुण लोकांना फार आवडले. सुलतान बेकार झाला. मामांच्या थोरल्याला त्याच्या ठाणात थंड पेयांचा फ्रीज ठेवायचा होता. परळीकडच्या एका वीटभट्टीवाल्याने घोड्याला मागणीही घातली होती. थोरला म्हणाला, "आप्पा, म्हातारं झालंय ते. उद्या मेलं तर सगळंच गेलं. इकून टाका, न्हाईतर इमा तरी काढा." त्याला वाटलं, आप्पा छत्री घेत नाहीत, विमा कुठला घेतात! पण भट्टीवर विटा ओढून घोड्यांचं काय होतं ते मामांना माहीत होतं. "काढतो इमा," ते म्हणाले.

योगायोगाने तेव्हाच खासगी विमा कंपन्यांना परवानगी मिळाली होती. म्हणजे मामांना निवडायला वाव होता, आणि ही सरकारने त्यांच्यावर केलेली मोठीच मेहरबानी होती. पहिले आले ते शाळेतले गुरुजी, जे वर्ग सुटल्यावर, आणि कधी कधी सुटायच्या आधीही, विमा एजंट असत. त्यांना गाई-म्हशींची सवय. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दूध किती देतो?" मामांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, "गुरुजी, तुमी शाळंत पोरांला नेमकं काय शिकवता?"

त्यानंतर लातूरहून नव्या कंपनीचे साहेब आले. भर मे महिन्यात टाय. मामांनी त्यांना तीन खेपा घालायला लावल्या. वीज पडली तर? पडली तर भरपाई. साप चावला तर? तरीही. "आन् मन दुखून मेला तर?" साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "वर विचारून सांगतो." मग त्यांनी विचारलं, "घोड्याचं काम काय?" मामा शांतपणे म्हणाले, "सल्ला देतो." साहेबांनी काय लिहून घेतलं देव जाणे. कंपनी नवी होती, भुकेली होती. तिने सुलतानला म्हातारपणासकट पत्करायचं ठरवलं.

ठरल्या दिवशी साहेब जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. मीही सासुरवाडीच्या कामाने घाटनांदूरला गेलो होतो, म्हणून हा सोहळा बघायला मिळाला. डॉक्टरांनी सुलतानचे दात बघितले आणि वय विचारलं.

"आठ," मामा सवयीने म्हणाले.

"किती वर्षांपासून आठ?" डॉक्टर म्हणाले.

थोरल्याने दावं आवळून धरलं, मामांनी तोंड धरलं. डॉक्टरांनी पिशवीतून टोचायचा चिमटा बाहेर काढला आणि पिवळा बिल्ला लावायला सुलतानचा डावा कान हातात घेतला.

"बिल्ला कशाला?" मामांनी विचारलं.

"ओळख पटायला," साहेब म्हणाले. "पुढे दावा करताना लागतो."

"मंग त्यो काढून आनायचा?"

"नुसता नाही चालत, लोक जिवंत जनावराचा काढून आणतात. मेल्यावर बिल्ल्यासकट कान कापायचा आणि ऑफिसात जमा करायचा. नियमच आहे."

मामांनी सुलतानचं तोंड सोडलं. त्यांनी डॉक्टरांच्या हातातून तो कान अलगद काढून घेतला आणि स्वतःच्या तळव्यात झाकला. ते म्हणाले, "सायेब, ह्याच कानात मी समदं बोललोय." आणि मग हलकेच, "ह्यो कान लोकांच्या हाफिसात कसा देऊ?"

मला हसू येणार होतं, पण आलं नाही. थोरला दावं धरून उभा होता. विमा नाही तर भट्टी, अशी त्याचीच अट होती. त्याने बापाकडे बघितलं, दावं सोडलं आणि म्हणाला, "डॉक्टर, ऱ्हाऊ द्या. च्या घेऊन जावा." भट्टीवाल्याला त्याने त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. फ्रीज घराच्या ओसरीत गेला, आणि चपलांच्या रांगेत उभा राहून थंड पेयं गार करू लागला.

सुलतान पुढच्या थंडीत गेला, विम्याशिवाय आणि दोन्ही कानांसकट. लिंगायत घरच्या माणसाला देतात तशी मामांनी त्याला शेतात माती दिली. मला हे कळल्यावर मी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मामा सवयीने ठाणाशी आले. दावणीला कुणी नव्हतं, मीच तिथे उभा होतो. मामा जरा घुटमळले. मग माझ्या डाव्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, गुळाचा भाव उतरलाय. घ्यावा का?"

गुळातलं मला चहापुरतं कळतं. माणसाला कानही हलवता येत नाही. मी मान जराशी पुढे केली.

"मंग घेतो," मामा म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.