धावपट्टीवर उभा असलेला मी

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांशी आपलं काही देणंघेणं नाही. छप्पन साली घरच्यांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच दिवशी माझ्या बाबानं अंगारे-धुपारे, उतारे सगळं घराबाहेर काढलं. कोणी असलं काही बोललं की मी भांडायलाच उठायचो... म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं कोणाजवळ काढली नाही. लोक हसतील, आणि मीही हसलो असतो.

चौसष्टचा हिवाळा. वणीहून चांद्याच्या रस्त्यावर, चार मैलांवर, नागपूरच्या एका शेठजींनी आपलं छोटं विमान उतरायला मातीची पट्टी करून घेतली होती. मी तिथला राखणदार. गुरं हाकलायची, आणि एक मोठं काम. त्या विमानाची चाकं उडताना पोटात जायची, उतरताना आठवणीनं बाहेर काढावी लागायची. पायलट बर्वे साहेब मांडीवर कागद ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचत... पेट्रोल, चाकं, पट्टे. तरीही आधी पट्टीवरून एक फेरी मारत. चाकं दिसली तर मी पांढरं फडकं वर धरायचं, नाही दिसली तर दोन्ही हात डोक्यावर आडवे करायचे. ही खूण आम्हा दोघांतच होती.

उतरले की साहेब आधी माझ्याकडे येऊन हात मिळवायचे. शेठजींच्या देखत! माझ्या बाबाला लोकांनी जन्मभर, शिवायला नको म्हणून, वरूनच ओंजळीत पाणी ओतलं होतं हो. त्या हाताचं मला काय वाटायचं, कसं सांगू... पगारापेक्षा त्यासाठीच मी ती नोकरी जीव लावून केली.

त्या दिवशी विमान चार वाजता येणार होतं. सकाळी आमच्या पोरीच्या डोक्यात ताप चढला. तिला आणि बायकोला सायकलवर घेऊन वणीचा दवाखाना गाठला. चारच्या आत परत येऊ म्हणून कोणाला सांगितलंही नाही. बारा वाजले असतील, दवाखान्याच्या अंगणात रांगेत होतो... आणि विमानाचा आवाज आला. चार तास आधीच आलेलं ते डोक्यावरून सरळ पट्टीकडे गेलं. तिकडे कोणीच नव्हतं!

मी वेड्यासारखे दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून उभा राहिलो. कशासाठी, मलाच माहीत नाही. कंपाउंडर म्हणाला, "काहून बा, विमान थांबवून राह्यला का?" सगळी रांग हसली.

औषध मिळालं, बायको-पोरीला बहिणीकडे सोडलं आणि सायकल दामटत निघालो. विमान पट्टीवर धड उभं होतं. साहेब पंखाच्या सावलीत बसलेले, चेहरा पार उतरलेला. ते सांगू लागले... शेठजी-शेठाणींबरोबर शेठजींची म्हातारी आई पहिल्यांदाच विमानात बसली होती. साहेब 'चाकं' वाचणार तेवढ्यात तिनं घाबरून त्यांची मानच धरली. तिला समजावलं आणि पुढच्या ओळीपासून वाचत गेले. मध्ये खंड पडला की पहिल्यापासून वाचायचं हा त्यांचाच नियम, तोच त्यांनी मोडला. मग फेरी मारताना खाली मी दिसलो, हात आडवे धरून. विमान वर घेतलं, चाकं काढली. "चौघं वाचलो रे तुझ्यामुळे," ते म्हणाले.

"साहेब, मी वणीले होतो. दवाखान्यात. आत्ताच येऊन राह्यलो."

ते हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या सायकलकडे गेलं, घामानं भिजलेल्या सदऱ्याकडे गेलं.

"अरे, उतरल्यावर मी तुझा हात हातात घेतला," ते हळूच म्हणाले. "तू काही बोलला नाहीस."

मी हात पुढे केला. साहेब एक पाऊल मागे सरले.

पोरगी आठवड्यात बरी झाली. विमान पुढे दोन वर्षं येत राहिलं. साहेब कागद दोनदा वाचत, उतरून लांबूनच मान हलवत. ती शिवाशिव नव्हती, भीती होती, हे मला कळत होतं. पण लागायचं तेवढंच. तिथं कोण उभं होतं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. चार जीव वाचले याचा आनंद आहेच... पण खरं सांगू? तिथं जो कोण उभा होता, त्याचा मला राग येतो. साहेबांनी शेवटचा हात त्याच्याशी मिळवला.