आत कोण बसणार

सातवा महिना लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मूल पोटातून बाहेर कसं येतं हे मला धड ठाऊक नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. शाळेच्या पुस्तकात बेडकाचं सगळं सविस्तर होतं, माणसाचं पान आलं तेव्हा बाईंनी "हे घरी वाचा" म्हणून पुढचा धडा काढला होता. घरी वाचून विचारणार कोणाला? आई मी लहान असतानाच गेली. घरात वडील आणि दोन भाऊ. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी, हा प्रश्नच उरला नव्हता. सासूबाई गावाकडे सासऱ्यांच्या आजारपणात अडकलेल्या. त्यांचा निरोप एवढाच होता, की घाबरू नकोस, वेळ आली की आपोआप कळतं.

काय कळतं, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही सातपूरला राहत होतो, कारखान्यांच्या पलीकडे, बैठ्या खोल्यांच्या एका लांबलचक ओळीत. समोरून त्र्यंबकच्या गाड्या जात. ओळीतले बहुतेक पुरुष पाळीवर कामाला जाणारे, आमचे हेही त्यातलेच. दुपारी ओळ बायकांची असे. त्या हिवाळ्यात आम्ही तिघी पोटुशा होतो आणि तिघींचे महिने मागेपुढे होते.

शेजारच्या खोलीतल्या बाई प्राथमिक शाळेत शिकवत. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, सावळ्या, उंच, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणायची. ओळीच्या दुसऱ्या टोकाला सटाण्याकडची एक मुलगी नवी नवीच नांदायला आली होती. जेमतेम एकोणीसची असेल. मला वहिनी म्हणायची, आणि बोलता बोलता तिच्या तोंडी अहिराणी यायची. तिच्याबरोबर तिची सासू होती. सासूला आम्ही सगळ्याच मावशी म्हणायचो. पाच बाळंतपणं केलेली, ओळीतल्या प्रत्येक दुखण्यावर काढा सांगणारी बाई. ती माझ्या खोलीत तासन्‌तास बसे. ताईंशी मात्र उंबऱ्याबाहेरून बोले. ताई बौद्ध होत्या. हे कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणी बोलून दाखवत नसे.

शहरातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात आमचं तिघींचं नाव घातलेलं होतं. तपासणीला आम्ही एकाच बसने जायचो. बाकावर नंबराची वाट पाहत बसलं, की मी शेजारच्या अनोळखी बायकांना विचारत सुटायची. कळा पोटात येतात की कमरेत? पाणी जातं म्हणजे नेमकं काय होतं? एक सांगे, हाडं मोडल्यासारखं वाटतं. दुसरी म्हणे, मला तर जेवण जास्त झाल्यासारखंच वाटलं होतं. दोघीही खोटं बोलत नव्हत्या, हेच मला नवल वाटे. सटाण्याची मुलगी माझ्या खांद्याआडून सगळं ऐकायची आणि हळूच म्हणायची, "वहिनी, माले भ्या वाटस." तरी उठून मात्र जायची नाही.

एका दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. मी सिस्टरबाईंना म्हटलं, "जिथे बाळंतपण करतात ती खोली आम्हाला दाखवाल का?"

"तिथे काय बघायचंय?"

"काही नाही. पहिल्यांदा जाईन तेव्हा ओळखीची वाटावी."

त्यांनी आधी नाही म्हटलं, मग इकडेतिकडे पाहून दार उघडलं. मला वाटलं होतं, आत मोठमोठी यंत्रं असतील. होतं ते एक उंच लोखंडी टेबल, भिंतीवर घड्याळ, एका कोपऱ्यात उकळत्या पाण्याचं भांडं आणि भाजीवाल्याकडे असतो तसला तराजू, फक्त त्याच्या पारड्यात दुपटं घातलेलं. खिडकीतून कडुनिंबाची फांदी आत डोकावत होती. सटाण्याच्या मुलीने टेबलाला हात लावून पाहिला, आणि सिस्टरबाईंची पाठ वळल्यावर पायरीवरून चढून त्यावर आडवीही झाली. तिला हसू आवरेना. मलाही आवरेना. ताई मात्र दारातच उभ्या होत्या.

परतीच्या बसमध्ये त्या आपणहून बोलल्या. त्यांचं हे दुसरं बाळंतपण आहे, हे तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. पहिलं पिंपळगाव बसवंतजवळच्या त्यांच्या माहेरच्या गावात झालं होतं.

"सगळे होते. आई, काकू, सगळे. पण दाराबाहेर," त्या म्हणाल्या. "आत सुईणीनेच जायचं, अशी रीत. ती दुसऱ्या घरी गेली, ती लवकर आलीच नाही. आत मी एकटी. ते रडलंच नाही. मी वाट बघत राहिले, आता रडेल, आता रडेल."

सातपूरच्या थांब्यावर उतरताना ताईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "या वेळी मला आत एकटीला राहायचं नाही. बाकी काही झालं तरी चालेल."

तिथून आमच्या बेतांना सुरुवात झाली. तोवर आम्ही फक्त दुपटी शिवत होतो. आता दुपारी माझ्या खोलीत बसून ठरवाठरवी चालायची. पाळीवर नवरे असतील तर कारखान्याच्या फाटकावर निरोप कोण देणार? त्या काळात आमच्याकडे वेळेवर रिक्षा मिळेल याचा भरवसा नव्हता. ओळीतला एक जण द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, गादी टाकून देतो, कधीही हाक मारा. जिची वेळ येईल तिच्या घरचा स्वयंपाक उरलेल्या दोघी बघतील, हेही ठरलं. राहिला एकच प्रश्न. आत कोण बसणार?

दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नसत. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या पोटाकडे पाहिलं.

"तुम्ही बसणार? या अवस्थेत?"

"हो."

"चक्कर आली तर मी कोणाकडे पाहू?"

"बसूनच राहीन," मी म्हटलं. "आणि मला बघायचंही आहे."

शेवटचं वाक्य नसतं बोलले तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं, असं मला अजून वाटतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "डोक्याशी बसायचं. मी सांगितलं की बाहेर जायचं."

घरी हे कळलं तेव्हा मावशी रागावली. पोटुशीने दुसरीचं बाळंतपण पाहू नये, पोरावर परिणाम होतो, तिचं म्हणणं. "तू कसाले जाई राहिनी?" कशाला जातेस, असं तिने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, "मावशी, ताईंना सोबत हवीये, आणि मला बघायचंय." यातलं पहिलं तिला पटण्यासारखं नव्हतं आणि दुसरं समजण्यासारखं नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

ताईंचं पोट द्राक्षं उतरायला लागली त्या दिवसांत दुखू लागलं. सकाळी शाळेत जाऊन त्या पहिल्या तासालाच परत आल्या होत्या. टेम्पो नुकताच रिकामा होऊन आलेला, तळाशी द्राक्षांचा चिकट वास. आम्ही दोघी गादीवर बसून गेलो. दर कळेला ताई माझ्या मनगटावर दाब द्यायच्या, कळ ओसरली की सोडायच्या. मला त्या दाबावरूनच कळ कशी चढते आणि कशी उतरते ते कळू लागलं. ती एकदम येत नाही. लांबून येणाऱ्या गाडीसारखी वाढत येते आणि निघून जाते. मध्ये अगदी शांत असतं. त्या शांत वेळात ताई मला वर्गातल्या मुलांच्या गोष्टीही सांगत होत्या. हे मला बाकावरच्या एकाही बाईने सांगितलं नव्हतं.

आत मी डोक्याशी बसले. दुपार झाली. ताई ओरडल्या नाहीत. जड गाडा ढकलताना माणसाच्या घशातून जसा आवाज निघतो तसा आवाज त्यांच्या घशातून निघत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघायचं होतं ना? या इकडे."

मी उठून दोन पावलं पुढे झाले. आधी नुसते ओले काळे केस दिसले, नाण्याएवढे. मग ते दिसेनासे झाले, पुन्हा दिसले. मग डोकं आलं, सुरकुतलेलं, निळसर, खाली तोंड करून. आणि कोणी हात न लावता ते आपोआप एका बाजूला वळलं, जणू खोलीत कोण आहे ते बघायचं होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ते वळलं कसं?" त्या म्हणाल्या, "वळतंच. खांद्यांना वाट हवी असते." त्यानंतर बाकीचं सगळं एकदम घसरून त्यांच्या हातात आलं.

ते रडलं नाही.

ताईंनी मान उचलली. "रडलं का?" त्यांनी मला विचारलं. सिस्टरबाई बाळाची पाठ चोळत होत्या, तोंडातलं काहीतरी काढत होत्या. मी मागे येऊन ताईंच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ गेला ते आज सांगता येणार नाही. मग एक बारीक, चिडका आवाज आला, दार करकरल्यासारखा, आणि पाठोपाठ खरं रडणं. मुलगी होती. ताईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या कानामागून पाणी उशीवर ओघळत राहिलं.

वार पडली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती ट्रेमध्ये उलटी करून मला दाखवली. भाकरीएवढी, आणि वरून झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा पसरलेल्या. "यावरच नऊ महिने जगलं ते," त्या म्हणाल्या. मी माझ्या पोटावर हात ठेवला. आत असंच एक झाड आहे, या विचाराने मला भीतीऐवजी कुतूहलच वाटलं.

माझी वेळ आली तोवर ताईंचा सव्वा महिना संपला नव्हता. सटाण्याच्या मुलीला आठवा लागलेला, ती तयार होती, पण तिची सासू तिला सोडेना. बेत बारगळलाच होता. मी टेम्पोत चढत होते तेव्हा ती मुलगी मावशीला म्हणाली, "मग आत्याबाई, तुम्ही जा. कोणीतरी जायलाच पायजे." मावशी पदर खोचून पुढे झाली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

मला सगळं ओळखीचं वाटत होतं. घड्याळ, पाण्याचं भांडं, कडुनिंबाची फांदी. दुखत होतं, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. पण आता काय चाललंय हे मला ठाऊक होतं, आणि दर कळेनंतर येणारी शांत वेळ मी विसरले नव्हते. मावशी माझी कंबर चोळत होती. शेवटी शेवटी तिचा हात थांबला. मी मान वळवून पाहिलं तर ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला डॉक्टरीणबाईंच्या शेजारी जाऊन उभी होती, तोंडावर पदर धरून, डोळे मोठे करून.

मुलगा झाला. नंतर चमच्याने मला पाणी पाजताना ती म्हणाली, "पाच पोरं झाली मला. पण पोर येतं कसं ते आज पाहिलं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आपल्याला कुठं दिसतं? आपण तर निजलेल्या." मला जाणवलं, की ती गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. जिचं बाळंतपण होतं, तिलाच ते दिसत नाही.

तिच्या सुनेची वेळ भर उन्हाळ्यात आली. तिचे वडील तिला सटाण्याला न्यायला येऊन गेले होते, पण "मी अठेच ऱ्हासू," असं म्हणून ती इथेच राहिली होती. आता मी बाळंतीण होते. कळा सुरू झाल्या तशी मावशी आमच्या ओळीतून चालत आली. मला वाटलं, ती मला काही सांगायला येते आहे. ती माझ्या दारावरून पुढे गेली, ताईंच्या खोलीत शिरली आणि खाटेच्या कडेला बसली.

"पोरगी घाबरलीय," ती म्हणाली. "मी गेले तर आणखी घाबरंल. ती तुमचंच नाव घेती. तुम्ही बसाल का आत?"

भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू येत होतं. ताई म्हणाल्या, "माझ्या मुलीचं काय करू? दर दोन तासांनी पाजावं लागतं."

मी भिंतीवर थाप मारली. "ताई, माझ्याकडे द्या."

अशी ती मुलगी त्या दिवशी माझ्याकडे आली. माझा मुलगा सावकाश, थांबत थांबत पिणारा. ती मात्र भांडून प्यायची, दोन्ही मुठी आवळून, मध्येच सोडून वर बघायची. दोन बाळं इतकी वेगळी असू शकतात, हे मला माहीत नव्हतं. दुपारभर मी एकीला ठेवायची, दुसऱ्याला घ्यायची. मावशी दारात बसून पंख्याने आम्हाला वारा घालत होती आणि दर गाडीच्या आवाजाला मान वर करत होती.

संध्याकाळी ताई आल्या. साडी चुरगळलेली, हातातल्या दोन बांगड्या फुटलेल्या. मुलगा झाला, दोघंही बरी आहेत, असं त्यांनी आधी मावशीला सांगितलं. मग मुलीला पोटाशी घेऊन माझ्या शेजारी टेकल्या.

"मग?" मी म्हटलं. "सगळं सांगा."

"ती म्हणाली, मला पण बघायचंय. डोकं दिसायला लागलं आणि तिने हट्टच धरला. मग मी तिच्या पाठीमागे चढून बसले, खांद्यांना धरून तिला उचललं. डॉक्टरीणबाई ओरडल्या माझ्यावर. पण तिने पाहिलं. वाकून, सगळं पाहिलं."

आम्हा तिघींत सर्वांत भित्री ती. आणि स्वतःचं मूल येताना पाहणारी तीच एकटी.

ती घरी आल्यावर मी पहिल्याच दुपारी तिला विचारायला गेले. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं होतं. स्वतःचं पाहताना कसं वाटतं, कसं दिसतं, मी विचारलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ते डोकं वळलं ना, तेव्हा मला वाटलं मलाच शोधतंय."

मग तिने बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारून ते मला नीट दाखवलं.