कानाखालचे बीळ

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. जन्मतःच माझ्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, सुई जाईल एवढे भोक होते. त्यातून आणि कानातूनही पू वाहायचा. मी पोटात असताना आईने ग्रहणात सुई हाती धरली म्हणून हे झाले, असे सगळे म्हणत. ती बिचारी मरेपर्यंत स्वतःला बोल लावत राहिली. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरच्यांनी वासाला कंटाळून मला ब्राह्मणपुरीला भावाकडे आणून सोडले. तिथेही माझे ताट वेगळे आणि अंथरूण ओसरीच्या टोकाला. माणसांनी भरलेल्या घरात दिवसचे दिवस माझ्याशी कोणी बोलत नसे.

भोक बुजावे म्हणून बिब्ब्याचे डाग दिले. भोकाचे तोंड मिटले की भाऊ हौसेने नारळ फोडी आणि आठ दिवसांत तिथेच गळू टरारून येई. मी दर श्रावणात सोमवार धरले. मागणे एकच, हे भोक बुजव. महादेव काही ऐकेना.

एका कार्तिकात गाद्या पिंजायला एक पिंजारी आणि त्याची बायको अंगणात आली. कानात घालायला मी तिच्याकडे चिमूटभर कापूस मागितला. तिने माझा पदर सारला आणि बोटाने चाचपून पाहिले. डागणाऱ्याखेरीज तिथे कोणी कधी हात लावला नव्हता. मला रडूच आले.

“बाई, हाई जखम नही शे, जनमनं बीळ शे,” ती म्हणाली. “वरथून बुजाडू नका, मूळ मझार शे. मन्ही बहीणले बी व्हतं. धुयाना डाक्टरनी मूळसंगे काढं.” मूळ आत होते आणि आम्ही वरूनच बुजवत बसलो होतो.

भावालाही तिने चांगले खडसावले. कोण कुठली बाई, पण त्याने ऐकले. तापी ओलांडून बैलगाडीने दोंडाईचे गाठले आणि तिथून मोटारीने आम्ही धुळ्याला गेलो.

डॉक्टरांनी भोकात निळे औषध सोडले, ते कानातून बाहेर आले. “आईच्या पोटात कान घडताना मिटायची फट मिटली नाही,” ते म्हणाले. “यात कोणाचा दोष नाही.” हे ऐकायला आई हवी होती. मग ते म्हणाले, “चेहरा हलवणारी नस या मुळाला लागून जाते. मूळ कापून काढताना तिला धक्का लागला तर तोंड वाकडे होईल.” भावाने कागदावर अंगठा उठवला आणि कापूसवेचणीसाठी तो गावी परतला.

ऑपरेशनच्या सकाळी इतर खाटांपाशी नातेवाईक होते, माझ्यापाशी कोणी नव्हते. टाकलेली बाई, त्यात तोंड वाकडे झाले तर? क्लोरोफॉर्मची जाळी नाकावर आली तेव्हा नवस आठवेना, मागणेही सुचेना. एवढेच म्हणाले, महादेवा, तोंडाचे काय करायचे ते कर, पण मला एकटी सोडू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला काम सांगितले नाही.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर वाकून पाहत होते. “डोळे मिटा,” ते म्हणाले. दोन्ही मिटले. “आता हसा.”

मी गोंधळले. कोणाकडे बघून हसायचे? कितीतरी वर्षांत त्याचे कारणच पडले नव्हते. तरी ओठ हलवले. डॉक्टर म्हणाले, “सारखे हसलात, दोन्हीकडून,” आणि ते स्वतःही हसले. माझ्याकडे बघून.